माईंचं हसू फोटोत नव्हतं

माईंचा हसरा फोटो कुणाकडेच नव्हता. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी सासूबाईंचं चित्र करून मागितलं, तेव्हा पहिली अटच ती घातली. "फोटोत दिसतात तशा नको काढूस. सगळ्या फोटोंत त्या रागावलेल्या दिसतात, आणि घरात त्यांच्याइतकं कुणी हसत नव्हतं. हसऱ्या काढ."

फोटो मोजकेच होते. लग्नानंतर स्टुडिओत काढलेला एक, नातवाच्या मुंजीतला घोळक्याचा एक, कुठल्याशा ओळखपत्रासाठी काढलेला एक, आणि शेवटच्या वर्षांतला मोबाइलवरचा एक. त्या मोबाइलच्या फोटोत माई झोपाळ्यावर बसून दुसरीकडेच बघताहेत. सगळ्या फोटोंत तोंड मिटलेलं.

मी पेन्सिल आणि चारकोलमध्ये माणसांची चित्रं करते. पंच्याहत्तरी, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, वर्षश्राद्ध अशा निमित्तांनी लोक फोटो आणून देतात आणि त्यावरून चित्र होतं. या वेळी मात्र फोटोत नसलेलीच गोष्ट काढायची होती. चेहऱ्यावरचा भाव काढताना फोटोचा खरा उपयोग कसा करायचा, हे मला या एका चित्राने जितकं शिकवलं तितकं आधीच्या कामांनी शिकवलं नव्हतं. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या स्टुडिओतल्या फोटोबद्दल. इंदूरला फोटोचं वेड जुनंच. लाला दीनदयाळ १८६६मध्ये इथल्या बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीवर लागले, पुढे कॅमेरा हातात घेतला आणि होळकरांच्या आश्रयाने मोठे छायाचित्रकार झाले. त्या काळात काचेवर फोटो उमटायला काही सेकंद लागत, तेवढा वेळ हसू टिकवून धरणं अवघड, म्हणून माणसं ओठ मिटून, नजर स्थिर ठेवून बसत. माईंच्या लग्नाच्या वेळी कॅमेऱ्याला इतका वेळ लागत नव्हता, तरी फोटो म्हणजे गंभीर बसायचं ही रीत घट्ट बसलेली होती. त्यात स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीने टचिंग करत. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की प्रिंटवर तिथे उजळ येतं, त्यामुळे सुरकुती, डाग, डोळ्यांखालची सावली सगळं भरून काढता येई. माईंच्या त्या फोटोत नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी घडी जवळजवळ पुसलेली आहे. हसू काढायचं तर चेहऱ्यावरची सर्वांत महत्त्वाची रेघ तीच. ओळखपत्राच्या फोटोत ती होती, पण तो फोटो नखाएवढा आणि समोरून फ्लॅश मारलेला, सपाट.

तरीही स्टुडिओचा फोटो मला सोन्यासारखा वाटला, कारण तो लांबून काढलेला होता. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतं, कान मागे जातात, कपाळ फुगतं. मोबाइल हातभर अंतरावर धरला की हे हटकून होतं. स्टुडिओवाला कॅमेरा चांगला सहा-सात फुटांवर ठेवायचा, त्यामुळे माईंच्या नाका-डोळ्यांची खरी मापं त्यात शिल्लक होती. मुख्य उजेडही एकाच बाजूने, डावीकडून वरून आलेला. गालाच्या हाडाचा उंचवटा आणि त्याखालचा खोलगट भाग स्पष्ट कळत होता.

फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही बघून घेतलं. निगेटिव्ह उलटं लावलं तर डावं-उजवं बदलतं आणि जवळच्या माणसांना "काहीतरी चुकतंय" एवढंच जाणवत राहतं. माईंची चमकी फोटोत त्यांच्या डाव्या नाकपुडीत होती. आपल्या बायका चमकी, नथ डावीकडेच घालतात. म्हणजे फोटो सुलटा. सेल्फीच्या बाबतीत तर ही तपासणी करायलाच हवी, कारण कित्येक मोबाइल समोरच्या कॅमेऱ्याने आरशातली प्रतिमाच साठवून ठेवतात.

मग चित्राला लागले, आणि सुरुवात केली ती न हसणाऱ्या माईंपासून.

चेहऱ्यावरचा भाव हा एका फोटोत सापडत नाही, दोन फोटोंमधल्या फरकात सापडतो, असं माझं ठाम मत झालं आहे. माईंच्या ओठांचे कोपरे मुळातच किंचित खाली वळलेले होते. भुवया सरळ आणि डोळ्यांच्या अगदी जवळ. ही त्यांची ठेवण. ज्याने त्यांना पाहिलेलं नाही त्याला ती नाराजी वाटणार, आणि सुनेलाही फोटो बघताना तसंच वाटत होतं, कारण समोर चालत्या-बोलत्या माई नव्हत्या. उलट काही जणांचे कोपरे वरच असतात; ते दुःखात असले तरी फोटोत खुशालचेंडू दिसतात. म्हणून कुणाच्याही हसण्याचा किंवा रागाचा फोटो एकटा समोर ठेवून चित्र करणं मला पुरेसं वाटत नाही. त्याच माणसाचा, त्याच उजेडात, त्याच कोनातून काढलेला निवांत चेहऱ्याचा फोटो शेजारी हवा. काय हललं आणि किती हललं हे तेव्हाच कळतं.

माईंचा निवांत चेहरा मी परत परत काढला, फोटो बाजूला ठेवून आठवणीनेही काढला. मापासाठी मी डोळ्यांच्या आतल्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर धरते. ते हाडाशी बांधलेलं असतं; माणूस हसो, रडो, जांभई देवो, ते बदलत नाही. नाकाचा वरचा हाडाचा भाग, गालाची हाडं, केसांची रेघ हीदेखील जवळपास जागेवर राहतात. कवटीतलं हलणारं हाड एकच, खालचा जबडा. बाकी सगळा खेळ कातडीचा आणि तिच्याखालच्या स्नायूंचा. हे स्थिर बिंदू हातात पक्के बसले की हसू कुठेही नेलं तरी माणूस तोच राहतो.

यानंतरचा भाग मला फार आवडला. माई कशा हसायच्या हे मी घरातल्या एकेकाला विचारलं. काकू म्हणाल्या, "पदर लावायच्या तोंडाला." काका लगेच म्हणाले, "ते पाहुण्यांसमोर. आमच्याशी बोलताना मान मागे टाकून हसायची, आणि मग डोळे पुसायची." माईंच्या लेक देवासला असतात, त्यांना फोन लावला. त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "आईचा एक डोळा जास्त बारीक व्हायचा गं. डावा. आणि पुढच्या दोन दातांत फट होती, कवळी बसवायच्या आधी." मी स्टुडिओचा फोटो परत काढून पाहिला. डावा डोळा निवांत असतानाही उजव्यापेक्षा सुतभर लहान होता. हसू कुणाचंच दोन्ही बाजूंना अगदी सारखं नसतं, आणि ओळख पटते ती बहुतेक वेळा त्या कमी-जास्तातूनच. कवळीच्या आधीच्या माई काढायच्या, साठीच्या आसपासच्या, हे त्या फोनवरच ठरलं.

आता हवं होतं खरंखुरं हसू, म्हणजे त्याचा फोटो.

इथे एका वादाबद्दल लिहायलाच हवं. आमच्या शहरात समोर माणूस बसवून चित्र करण्याची परंपरा मोठी आहे. डी. डी. देवळालीकरांनी १९२७मध्ये इथे चित्रशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर त्यांच्याच हाताखाली तयार झाले. त्या वळणाची मंडळी फोटोवरून केलेल्या चित्राला नाक मुरडतात, आणि निसर्गचित्राच्या किंवा बसलेल्या माणसाच्या बाबतीत मला त्यांचं म्हणणं पटतं. डोळ्यांना जे दिसतं ते कॅमेऱ्याला पूर्ण दिसत नाही. फोटोत सावल्या काळ्याठिक्कर होतात, कडा सगळीकडे सारख्याच धारदार होतात. पण भावाचं काय? माणूस अर्धा तास मान वळवून बसू शकतो. अर्धा तास हसू शकत नाही. काही क्षणांतच डोळे विझतात, ओठ तेवढे ताणलेले राहतात आणि आपण काढतो ते ताणलेले ओठ. डच चित्रकार रेम्ब्रांने १६३०च्या सुमारास आरशात बघून स्वतःचे हसरे, दचकलेले, तोंड वासलेले चेहरे तांब्याच्या पत्र्यावर कोरले. आरसा उत्तमच आहे, मीही वापरते. कुठला स्नायू ओढला जातोय हे आतून कळतं. पण आरशात स्वतःकडे बघत असताना मनापासून हसू येत नाही. हसणं, दचकणं, रडू फुटणं यांच्यासाठी फोटोला पर्याय नाही, असं मला वाटतं.

फोटोला सर्वांत आधी बसली ती माईंची नातच. विशीतली मुलगी, चेहऱ्याची ठेवण थेट आजीची: तेच खाली वळलेले कोपरे, तीच जवळ आलेली भुवई. तिला खिडकीपाशी बसवलं, उजेड डावीकडून येईल असा, म्हणजे स्टुडिओच्या फोटोशी जुळेल. मोबाइल सहा फुटांवर स्टँडला लावला, थोडा झूम केला, डोळ्यांच्या उंचीला आणला. चेहरा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड आधी बंद केला, कारण तो नेमक्या आपल्याला हव्या त्याच घड्या पुसतो. आणि फोटोऐवजी व्हिडिओ काढला. 'हस' म्हटलं की हसू मरतं. तिला मी आजीच्या गोष्टी विचारत गेले, ती सांगत गेली आणि अधूनमधून हसत गेली. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितला.

निवांत फ्रेम आणि हसरी फ्रेम सारख्याच आकारात छापून घेतल्या. एकीवर ट्रेसिंग पेपर ठेवून डोळे, नाक, ओठ उतरवले, मग तोच कागद दुसरीवर ठेवला, डोळ्यांचे आतले कोपरे आणि नाकाचा वरचा भाग जुळवून. तांबड्या पेन्सिलीने बाण काढत गेले: हा बिंदू इथून इथे गेला. मिटलेल्या तोंडाचे कोपरे आधी बुबुळाच्या आतल्या कडेखाली होते, हसताना ते बुबुळाच्याही बाहेर गेले. वरचा ओठ पातळ आणि सरळ झाला. नाकपुड्या रुंदावल्या, नाकाचं टोक जरासं खाली आलं. गालाचा गोळा वर सरकला आणि त्याने खालची पापणी वर ढकलली. हनुवटी खाली गेली. या बाणांचा कागद हे माझ्या दृष्टीने त्या चित्राचं सर्वांत मोलाचं साधन होतं, कारण बाण नातीचे असले तरी ते आजीच्या चेहऱ्यावर ठेवता येत होते.

फक्त कातडी विशीतली होती. तरुण गालाला हसताना घडी पडते ती एक, आणि हसू ओसरलं की नाहीशी होते. साठीत तीच घडी कायमची असते, हसताना तिच्या बाहेर दुसरी पडते, डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून रेघा फाकतात, गळ्याच्या शिरा दिसतात. हे कल्पनेने काढलं की चेहरा सुकलेल्या आंब्यासारखा नुसत्या रेघांनी भरतो. सुरकुत्या कुठे पडतात याला नियम आहे: स्नायूचे धागे ज्या दिशेने आखडतात, त्यांना आडवी घडी पडते. कपाळाचा स्नायू उभा, म्हणून आठ्या आडव्या. डोळ्याभोवतीचा स्नायू गोल, म्हणून कोपऱ्यातल्या रेघा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बाहेर जाणाऱ्या. एवढं माहीत असलं की फोटोतल्या शंभर रेघांतून कामाच्या वेचता येतात.

त्यासाठी आमच्या भागातल्या भजनी मंडळातल्या आज्यांकडे गेले. फोटो कशासाठी हवेत, कुणाला दाखवणार नाही, काम झाल्यावर काढून टाकेन, हे प्रत्येकीला आधी सांगितलं. एकीने नको म्हटलं, तिचा नाही काढला. नेटवर वृद्ध बायकांचे हसरे फोटो हजारो सापडतात, पण ते कुणाचे तरी चेहरे असतात आणि कुणाच्या तरी मेहनतीचे फोटो असतात. शिवाय त्यांचा उजेड, कोन आपल्या कामाशी जुळत नाही आणि शेजारी निवांत चेहरा तर कधीच नसतो. चहा आला, पोहे आले, आणि कॅमेरा आहे हे सगळ्या विसरल्या. गोष्ट सांगणारीपेक्षा ऐकणारीचा चेहरा जास्त बोलतो, हे त्या दिवशी कळलं. बोलणारीचे ओठ शब्दांसाठीही हलत असतात, त्यामुळे फ्रेम थांबवली की 'ऊ' किंवा 'म'वर अडकलेलं तोंड मिळतं. ऐकणारीच्या चेहऱ्यावर भाव निर्मळ उमटतो.

त्यातल्या एका आजींचं हसू मी किती वेळ पुढे-मागे करून पाहिलं असेल! सुरुवात डोळ्यांखाली होते. खालची पापणी किंचित घट्ट होते, ओठ अजून हललेलेही नाहीत. मग डावा कोपरा, पाठोपाठ उजवा. गाल वर येतात, डोळे बारीक होतात, वरचे दात दिसतात. मान मागे जाते आणि जबडा सुटतो, खालच्या दातांची कडा दिसते. हा कळस. त्यानंतर ओठ आवरते होतात, पण गाल आणि डोळे मागे रेंगाळतात. तोंड जवळजवळ मिटलेलं आणि डोळे अजून हसताहेत, अशी अवस्था राहते. नवीन चित्रकार नेहमी कळसाची फ्रेम उचलतात, कारण तिथे सगळं ठळक असतं. कागदावर मात्र आवाज नसतो, हालचाल नसते. उघडा जबडा आवाजाशिवाय ओरडण्यासारखा दिसतो. माझी निवड कळसाच्या नंतरची: जबडा परत येतोय, दात दिसताहेत, मान अजून थोडी मागे आणि डोळे पूर्ण हसलेले. माई त्यानंतर डोळे पुसायच्या, हेही त्या क्षणाशी जुळत होतं.

डोळ्यांचा हा मुद्दा जुना आहे. फ्रेंच डॉक्टर द्यूशेन यांनी १८६२मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरचं पुस्तक छापलं. चेहऱ्याची संवेदना गेलेल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या स्नायूंना विजेचा सौम्य झटका देऊन ते एकेक स्नायू हलवत आणि त्याचे फोटो काढत. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारा स्नायू आखडला की तोंड हसतं, पण चेहरा आनंदी दिसत नाही. त्यासाठी डोळ्याभोवतीचा स्नायूही आखडावा लागतो, आणि तो सहसा मनाशिवाय हुकमाने आखडत नाही, असं त्यांनी दाखवलं. डार्विनने १८७२च्या भावाभिव्यक्तीवरच्या ग्रंथात हेच फोटो वापरले. पुढे १९७८मध्ये एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीला क्रमांक दिला. ॲनिमेशनवाले आज तेच क्रमांक वापरतात. हसण्याचे दोन: गाल वर येण्याचा ६ आणि ओठांचे कोपरे ओढले जाण्याचा १२. मला ही पद्धत आवडते. 'आनंदी चेहरा काढ' यातून हाताला काही कळत नाही. 'गाल वर, कोपरे बाहेर आणि वर' यातून कळतं.

भुवयांसाठी मात्र त्या आजींची फ्रेम घेतली नाही. त्या अंगणाकडे तोंड करून बसल्या होत्या, उन्हाने त्यांच्या भुवया आतल्या बाजूला गोळा झाल्या होत्या. भुवयांचं आतलं टोक हा फार नाजूक मामला आहे. ते खाली आणि आत ओढलं की राग, वर आणि आत गेलं की दुःख. मोकळं हसू असेल तिथे ते टोक सैल हवं. भुवया नातीच्या फोटोतून घेतल्या, डोळ्यांभोवतीच्या रेघा आजींच्या, हाडांची मापं माईंची.

खजुरी बाजारातून थोडा खरबरीत कागद आणला आणि आधी फार हलक्या हाताने, एचबीने, निवांत माईच काढल्या. त्यावर बाण ठेवत बिंदू सरकवत गेले. मान मागे टाकलेली, म्हणून कान डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडे खाली आले, नाकपुड्या जरा जास्त दिसल्या. ओठांचे कोपरे मुळात खाली वळलेले होते, तेव्हा हसताना ते वर जाऊनही नातीपेक्षा कमी वर न्यायचे होते, जास्त बाहेर न्यायचे होते. माईंच्या हसण्यात तोंड वर वळत नव्हतं, रुंदावत होतं. हे कागदावर दिसायला लागलं तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवून काकूंना हाक मारली असती, इतका आनंद झाला. पण दात व्हायचे होते.

दातांचं सांगायलाच हवं. फोटोत प्रत्येक दातामधली रेघ दिसते, आणि ती जशीच्या तशी काढली की तोंड कुंपणासारखं दिसतं. दात एक अखंड उजळ वळलेला भाग म्हणून काढायचे. बाहेरच्या बाजूला जाताना ते गडद होतात, कारण गालाची सावली त्यांच्यावर पडते. रेघा फक्त हिरड्यांपाशी आणि खालच्या कडेला, त्याही इशाऱ्यापुरत्या. माईंच्या पुढच्या दोन दातांतली फट मात्र हवीच होती. तिच्यासाठी गडद रेघ न मारता खालच्या टोकाशी नुसता एक छोटा त्रिकोण सावलीचा ठेवला. तेवढ्याने ती फट झाली. ओठांच्या कोपऱ्यांतला अंधार चारकोलने, आणि डाव्या डोळ्याची वरची पापणी उजवीपेक्षा जराशी खाली. बुबुळ अर्धंअधिक झाकलेलं, त्यात उजेडाचा ठिपका एकच. स्टुडिओच्या फोटोत दिव्यांच्या छत्र्यांचे दोन-तीन ठिपके होते, ते घेतले नाहीत.

डार्विनने द्यूशेनचे काही फोटो वीसहून अधिक लोकांना, काहीही न सांगता दाखवले होते आणि हा कोणता भाव असं विचारलं होतं. ती युक्ती मी नेहमी करते. माईंना न पाहिलेल्या मैत्रिणींना चित्र दाखवलं, तोंडावर कागद ठेवून फक्त डोळे. काही जणी म्हणाल्या हसतेय, एक म्हणाली रडतेय. हे होणारच, कारण जोरात हसताना आणि रडताना डोळ्याभोवतीचा तोच स्नायू आवळला जातो. फरक भुवयांचा. आतलं टोक खोडरबराने आणखी हलकं केलं, कपाळावरचा करडा भाग उचलून घेतला. मग डोळे झाकून फक्त तोंड दाखवलं. शेवटी पूर्ण चेहरा. फोटो बघून नव्हे, चित्र बघून जेव्हा समोरच्या माणसाच्या ओठांचा कोपरा आपोआप हलतो, तेव्हा भाव आला असं मी समजते. एका मैत्रिणीचा हलला.

काकूंनी चित्र पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते दातांबद्दल. "फट कशी कळली तुला?" मग काकांना हाक मारली. काका उभे राहून बघत होते, म्हणाले, "कान." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माईंच्या कानाची पाळी कुडीच्या वजनाने लांब झालेली होती, चित्रात ती स्टुडिओच्या फोटोतली, तरुणपणची राहिली होती. ओळखपत्राच्या फोटोत नीट बघितलं तर ते खरंच होतं. तिथेच बसून पाळी वाढवली. देवासच्या लेकीला चित्राचा फोटो पाठवला. त्यांनी फक्त डाव्या डोळ्याभोवती एक गोल काढून परत पाठवला.

आता काका म्हणताहेत, माझा फोटो आत्ताच काढून ठेव. गेल्या रविवारी ते खिडकीपाशी बसले. आधी निवांत चेहरा समोरून, मग तीन-चतुर्थांश वळवून, मग व्हिडिओ. हसवायचा प्रयत्न मी केलाच नाही. होळकरांच्या क्रिकेटचा विषय काढला. सी. के. नायडूंचा होळकर संघ, चार वेळा जिंकलेली रणजी, वडिलांकडून ऐकलेले ते सामने. काका सांगत सुटले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते हसू नव्हतं. हनुवटी वर, नाकपुड्या रुंद, खालची पापणी घट्ट, ओठ मिटलेले आणि कोपरे आत दाबलेले. सहा-बाराच्या यादीत बसणारं काही नाही. ट्रेसिंग पेपर निवांत फ्रेमवर ठेवला आहे, बाण काढायला घेतले आहेत.